गिटारचा भोपळा

आमच्या बोर्डीला आवाजाची वानवा कधीच नव्हती. भरतीच्या वेळची समुद्राची गाज, सुरूच्या बनातून घुसणारा वारा, चिकूच्या वाडीत फळे उतरवणाऱ्यांच्या हाका, लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत चालणारी बँजो पार्टी. भातकापणी झाली की पाड्यांवरून तारप्याचा आवाज येतो, तो तर अर्धा कोस अंतरावरून ओळखावा. अशा गावात राहणाऱ्या माणसाला आवाज वाढवायचे यंत्र विकत घ्यायला मुंबईला जावे लागेल, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

पण गेल्या पावसाळ्यात आमचे घर गप्प झाले. धाकटी लेक दोन वर्षे बाहेरगावी राहून प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. निकाल लागला आणि ती सामान घेऊन घरी परतली. आम्ही कोणी तिला एका शब्दाने बोललो नाही; खरे तर तिथेच चुकले असावे. तिने खोलीचे दार लावून घेतले. जेवायला येई, ताट उचलून ठेवी, पुन्हा आत. त्याच सुमारास माझ्या आईने, वय वर्षे ब्याऐंशी, कानाचे यंत्र काढून कपाटाच्या खणात ठेवून दिले. ‘‘नुसता कलकलाट ऐकू येतो, शब्द एक कळत नाही,’’ एवढेच तिचे म्हणणे. घरात दोन माणसे आपापल्या शांततेत बसली आणि मधल्या माजघरात आम्ही नवराबायको चोरासारखे वावरू लागलो.

एका दुपारी लेकीच्या दाराशी मला बारीक टिणटिण ऐकू आली. सोबत राहणाऱ्या मैत्रिणीकडून तिने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. ॲम्प्लिफायर नसलेली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे काय, हे ज्याने ऐकले नसेल त्याला सांगतो: पाटीवर ताणलेले रबर छेडावे तसा तो आवाज. दाराबाहेर सहा पावलांवर तो विरून जातो. मला वाटले, पोरीला निदान एवढे तरी आपण देऊ शकतो.

मी लगेच उत्साहाने चूक केली. गावात मांडव घालणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याचा जुना ॲम्प्लिफायर आणि भोंगा उचलून आणला. वरातीत चालतो, तर घरात का नाही चालणार? लेकीने वायर जोडली, तार छेडली आणि घरभर असा कर्कश चिरका आवाज झाला की वाडीतले कावळे उडाले. त्याच्या खाली सतत घूंऽऽ अशी घरघर. लेकीने शांतपणे वायर काढली. ‘‘राहू द्या बाबा,’’ म्हणाली आणि दार पुन्हा लागले.

त्या ‘राहू द्या’ने मला अभ्यासाला बसवले.

मुळात प्रश्न असा, की गिटारला वेगळा ॲम्प्लिफायर लागतोच कशाला? उत्तर आपल्याच घरातले आहे. सतारीला, तंबोऱ्याला भोपळा असतो. मिरजेचे कारागीर भोपळा निवडण्यात केवढा जीव ओततात! त्यांच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. वारली माणसाच्या तारप्यालाही वाळवलेला भोपळाच. तारेचे किंवा पात्याचे कंपन मुळात किडकिडीत. वाद्याचे पोट त्याला अंग देते, रंग देते. तोच भोपळा सतारीचा काढून टाका, राहील काय? तीच टिणटिण.

इलेक्ट्रिक गिटारला पोट नसते, भरीव लाकडाची फळी असते. तिच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत इवलासा विद्युतप्रवाह उठतो. तो वाढवून स्पीकरमधून पुन्हा आवाज काढायचा, हे ॲम्प्लिफायरचे काम. अमेरिकेत 1930 च्या दशकात नाचगाण्याच्या बँडमधले गिटारवाले तुताऱ्या-सॅक्सोफोनच्या गदारोळात ऐकूच येत नसत. त्या गरजेतून ही युक्ती रूढ झाली. आरंभीची इलेक्ट्रिक वाद्ये मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांच्या तबकड्यांवरची सिनेमाची गाणी रेडिओवर ऐकलेल्या माझ्या पिढीला तो आवाज परका नाही.

म्हणजे ॲम्प्लिफायर हा गिटारचा भोपळा झाला. फरक एवढाच, की खरा भोपळा आपल्या पदरची शक्ती घालत नाही. हा मात्र भिंतीतल्या विजेवर जगतो. पण रंग दोघेही देतात. गिटारचा स्पीकर मुद्दाम असा बनवतात की साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचे चिरके सूर त्यातून फारसे बाहेर पडू नयेत. मांडवातला भोंगा नेमका उलटा: माणसाचा शब्द लांबवर पोचावा म्हणून तो तीक्ष्ण सूरच पुढे ढकलतो. घरच्या स्टिरिओला गिटार जोडली तर आवाज निर्जीव येतो, कारण त्याची वायर जोडायची जागा गिटारच्या दुबळ्या प्रवाहासाठी केलेलीच नसते. वाद्य एकाचे आणि भोपळा दुसऱ्याचा, असा तो प्रकार.

मग आला वॅटचा प्रश्न. माझी समजूत अशी, की शंभर वॅटचा ॲम्प दहा वॅटच्या दहापट मोठा वाजणार. तसे नसते. आपला कान हिशेबाला फार कंजूष आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो. दहापट केली तेव्हा कुठे कानाला तो दुप्पट वाटतो. शिवाय गिटारचा साधा स्पीकर एका वॅटवरसुद्धा मीटरभर अंतरावर नव्वद डेसिबलच्या आसपास आवाज काढतो. पंच्याऐंशी डेसिबलमध्ये रोज आठ तासांपेक्षा जास्त वेळ राहू नये, असे कानाचे जाणकार सांगतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. थोडक्यात, दहा बाय बाराच्या खोलीला एक वॅटही पुष्कळ झाला.

शंभर वॅटचे अवाढव्य ॲम्प जन्मले ते 1960 च्या दशकात, मोठ्या सभागृहांसाठी. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सनी शंभर-शंभर वॅटचे ॲम्प लावले होते, तरी पंचावन्न हजारांवर श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचे वाजवणे धड ऐकू येईना. आमच्या ओटीवर पंचावन्न हजार माणसे येण्याचा संभव कमी. उलट, निवासी वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ रात्र धरतात. वाडीपलीकडच्या शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर हे लक्षात ठेवलेले बरे.

तयारी करून एका शनिवारी मी लेकीला म्हटले, ‘‘चल, मुंबईला जाऊ. गिटार बरोबर घे.’’ ती येईल असे वाटले नव्हते, आली. रिक्षाने डहाणू, तिथून चर्चगेटची लोकल. मरीन लाइन्सला उतरून धोबीतलावाकडे चालत गेलो. प्रवासात फार बोलणे झाले नाही, पण पालघर गेल्यावर तिने डब्यातली अर्धी पोळी मला दिली.

दुकानातल्या वयस्क विक्रेत्याने मला एकच गोष्ट शिकवली आणि ती लाखमोलाची आहे. ‘‘इथे मोठ्याने वाजवून बघू नका. घरी जेवढ्या आवाजात वाजवणार तेवढ्यातच बघा.’’ दुकानात गोड वाटणारे पुष्कळ ॲम्प आवाज कमी केला की मान टाकतात. त्याने आवाजाची दोन बटणे दाखवली: ‘गेन’ आणि ‘मास्टर’. गेन वाढवला की सूर दाट, खरखरीत होतो. मास्टरने तोच सूर हळू करता येतो. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये ही खरखर आवाज पूर्ण वाढवल्यावरच निघे. यंत्र थकल्याचे ते लक्षण. वादकांनी त्यालाच सौंदर्य केले. व्हॉल्व्हचे ॲम्प आजही आहेत, पण महाग, जड, काचेच्या नळ्या जपायला लागतात. ट्रान्झिस्टरचे स्वस्त आणि दणकट. तिसरे डिजिटल, एकाच खोक्यातून दहा जातींच्या ॲम्पची नक्कल करणारे. शिकणाऱ्याने त्यात फार रमू नये, असे विक्रेत्याचे मत पडले. ‘‘पोरे वाजवायची सोडून बटणे फिरवत बसतात.’’

मी माझ्या यादीप्रमाणे एकेक विचारत गेलो. स्पीकर निदान साडेसहा इंचाचा हवा. त्याहून लहान असला तर खालचे सूर खोक्यात गुदमरतात. मोबाइलवरचे गाणे जोडून त्याच्याबरोबर वाजवता यावे. हात न लावता नुसता चालू ठेवला तर घरघर किती, ते कान लावून ऐकावे. आणि विजेचा दाब आपला, 230 व्होल्टचा आहे ना, ते मागच्या पट्टीवर वाचावे. अमेरिकेतला माझा भाचा त्याचा जुना ॲम्प पाठवायला निघाला होता. तो 120 व्होल्टचा. वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवाचून तो भिंतीला लावला असता तर पहिल्याच सुराला धूर निघाला असता.

शेवटी दोन वस्तू समोर उरल्या. एक काड्यापेटीएवढा हेडफोनचा ॲम्प: गिटारमध्ये खोचायचा, कानाला हेडफोन लावायचे, जगाला त्रास नाही, किंमतही कमी. दुसरा दहा वॅटचा, साडेसहा इंची स्पीकरचा, हेडफोनची सोय असलेला, आठ हजारांच्या आतला.

‘‘बाबा, मला हेडफोनचाच पुरे,’’ लेक म्हणाली. ‘‘उगाच कोणाला ऐकायला नको.’’

व्यवहाराने पाहिले तर तिचे बरोबर होते. मीच इतका वेळ डेसिबल मोजत होतो. पण मला तिचे बंद दार दिसले, आणि त्या दाराच्या आत आणखी एक दार लावायला मी पैसे मोजतो आहे असे वाटले. मी म्हटले, ‘‘रात्री हेडफोन लाव. संध्याकाळचा अर्धा तास मात्र आम्हाला ऐकू दे. चुकलीस तरी चालेल.’’ ती काही बोलली नाही. दहा वॅटचे खोके मात्र तिने स्वतः उचलले.

घरी आल्यावर घरघर निघालीच. गावातल्या वायरमनने पाहिले आणि कपाळाला हात लावला. आमच्या जुन्या घराच्या पाटीला तीन भोके होती, पण अर्थिंगची तार कुठेच जात नव्हती. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि यंत्रात बिघाड झाला, तर वीज थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत येऊ शकते. मांडवाच्या ॲम्पला मी तिची वायर जोडू दिली होती, हे आठवून माझ्या अंगावर काटा आला. वायरमनने अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून नवी अर्थिंग केली. वाचकहो, गिटार घ्या न घ्या, एवढे एक घरी तपासून घ्या. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी ॲम्पवर कापडी खोळही घालावी; खारा वारा जोडांना लवकर गंज आणतो.

पहिल्या संध्याकाळी लेक ओटीवर बसली. आई आपल्या नेहमीच्या खुर्चीत, कानात यंत्र नाही. लेकीने एक साधी सुरावट सुरू केली, हळूच. मी आईकडे पाहिले, तर ती मान तिरकी करून ऐकत होती!

पुढे आईच्या कानाच्या डॉक्टरांना हे विचारले. त्यांनी समजावले: म्हातारपणी आधी वरच्या पट्टीचे सूर जातात. ‘स’, ‘फ’, ‘त’ ही व्यंजने त्याच पट्टीत असतात, म्हणून शब्द कळत नाहीत. आपण ओरडलो तर नुसते स्वर मोठे होतात. गिटारचे मूळ सूर मात्र सुमारे ब्याऐंशी हर्ट्‌झपासून बाराशेच्या आतच राहतात. त्या पट्टीत आईचा कान अजून बरा आहे. त्यांनी कानाचे यंत्रही नव्याने जुळवून दिले. तेही शेवटी एक ॲम्पच, आणि नुसता आवाज वाढवून त्याचेही भागत नाही. आई ते आता दिवसातून दोन-तीन तास लावते.

पण त्या संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हते. लेक वाजवायची थांबली तेव्हा आई म्हणाली, ‘‘मघाशी मध्येच अडखळलीस गं. तेवढे पुन्हा वाजव.’’

लेकीने चमकून माझ्याकडे पाहिले. परीक्षेचा निकाल लागल्यापासून तिला तिची चूक तोंडावर सांगणारे घरातले हे पहिलेच माणूस होते. ती हसली, खुर्ची आजीच्या जवळ ओढली आणि तेवढे पुन्हा वाजवले.

पुन्हा अडखळली. मग तिसऱ्यांदा वाजवले.