जीपवाल्यांचा संघ

होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये युरोपातली मॅच असली की पाय ठेवायला जागा नसते. कोणता खेळाडू किती पैशात कोणत्या क्लबात गेला, हे आपल्यापैकी अर्ध्यांना तोंडपाठ. पण मित्रांनो, महाराष्ट्राचा एक क्लब भारताचा विजेता झाला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? माझ्या वरूडच्याच रूम पार्टनरला विचारलं. तो म्हणाला, "महिंद्रा? जीप बनवते ते? त्यायचा कायचा फुटबॉल बाप्पा!"

तर ऐका. पूर्वी मुंबईत चांगला फुटबॉल खेळायचा म्हणजे आधी नोकरीला चिकटायचं. टाटा, एअर इंडिया, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, सगळ्यांचे संघ होते. खेळाडू कंपनीच्या पगारावर, आणि संध्याकाळी मैदानावर. 1962 मध्ये महिंद्रा अँड महिंद्रानेही असाच संघ काढला. कंपनी जीपवाली, म्हणून संघाचं टोपणनावही 'जीपवाले' पडलं.

1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि चित्र बदललं. आता नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांवर भागेना. करारावरचे खेळाडू, परदेशी स्ट्रायकर, पूर्णवेळ प्रशिक्षक हे सगळं लागू लागलं. ऑफिसचा संघ व्यावसायिक क्लब झाला, नाव झालं महिंद्रा युनायटेड. 1998 आणि 2001 मध्ये त्यांनी ड्युरँड कप जिंकला, 2003 मध्ये फेडरेशन कप. मग आला 2005-06 चा मोसम. प्रशिक्षक डेरिक परेरा. फेडरेशन कप घेतला आणि राष्ट्रीय लीगही मारली! आधीच्या नऊ मोसमांत ही लीग कोलकाता, गोवा आणि पंजाबच्या बाहेर गेली नव्हती.

ऑगस्ट 2007 मध्ये दिल्लीत नेहरू कपची फायनल झाली. समोर सीरिया. भारत 1-0 ने जिंकला. गोल करणारा एन. पी. प्रदीप याच महिंद्राचा खेळाडू. त्याच वर्षी क्लब आशियातल्या एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला. 2008 मध्ये पुन्हा ड्युरँड कप घरी आला.

आणि 2009-10 चा मोसम संपला, तसा संघ बंद! हरत होता म्हणून नाही. यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर भर द्यायचा, असं कंपनीने ठरवलं. उद्देश चांगलाच. पण 48 वर्षांचा क्लब एका निर्णयाने संपला.

असं का होतं? क्लबाचे पैसे येतात कुठून ते बघा. तिकिटं, टीव्हीचे हक्क, जाहिरातदार, खेळाडूंची विक्री, आणि मालकाचा खिसा. आपल्याकडे पहिल्या चारांतून फारसं काही येत नव्हतं. म्हणजे सगळा भार पाचव्यावर. मालकाचा विचार बदलला की क्लब गेला. पुढे मुंबई एफसी आणि पुणे एफसी हे क्लबही दहा-बारा वर्षांच्या आतच थांबले. 2014 ला निघालेला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला. 2020-21 मध्ये मुंबई सिटीने आयएसएल जिंकली खरी, पण तोवर महिंद्राचं नाव लोक विसरले होते.

आता सीरियाकडेच बघा. होम्स शहराचा अल-करामा हा क्लब 1928 चा. महिंद्रा विजेता झाला त्याच 2006 मध्ये हा क्लब आशियाई चॅम्पियन्स लीगच्या फायनलला पोचला आणि कोरियाच्या संघाकडून थोडक्यात हरला. 2011 नंतर युद्धात होम्सच्या वस्त्याच्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या. तरी अल-करामा टिकला, कारण तो शहराचा होता. इतकं लांब कशाला, कोल्हापूर घ्या. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठेचे. शाहू स्टेडियमवर त्यांची मॅच असली की अख्खी पेठ हजर. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलं. संस्थापक गेले, मंडळ चालूच आहे.

आम्हा वरूडच्या पोरांना हे संत्र्यावरून कळतं. संत्र्याचं कलम कितीही भारी असो, खाली जंभेरीचा खुंट लागतो. महिंद्राचं कलम एक नंबर होतं, खुंट मात्र मुंबईच्या मातीत कधी धरला नाही.

आता आपल्या होस्टेलच्या संघाबद्दल बोलू. फायनल इयरचा एखादा हौशी सिनियर असतो. तोच बॉल आणतो, तोच ग्राउंडवर चुना मारतो, तोच सकाळी दारं वाजवून पोरं उठवतो. तो पास आउट झाला की जूनमध्ये संघही पास आउट! गेल्या तीन वर्षांत आपण दोनदा शून्यापासून सुरुवात केली. म्हणून यंदा एवढंच करू: दर महिन्याला प्रत्येकी दहा रुपये, हिशोबाची एक वही, आणि कॅप्टनच्या जोडीला सेकंड इयरचा एक व्हाइस-कॅप्टन. सरांपैकीही कुणी संध्याकाळी शिट्टी घेऊन आलं तर सोन्याहून पिवळं. वही मेसच्या काउंटरवर ठेवली आहे. जेवायला याल तेव्हा नाव लिहून जा.