जुनी गाडी, नवे इंजिन : पाना हातात घेण्याआधीचे हिशेब

कॅडेट मित्रांनो, जुन्या मोटारींची रॅली पाहून आलेला एकतरी मुलगा मला वर्कशॉपच्या तासाला विचारतोच, "सर, या गाडीत नवे इंजिन टाकले तर ती किती पळेल?" उत्तर सोपे आहे. इंजिन टाकता येते. चांगला फिटर, लेथ आणि वेल्डिंगची सोय असली की जवळजवळ कोणतेही इंजिन कोणत्याही गाडीत बसते. पण त्या इंजिनाचा जोर रस्त्यापर्यंत नेणारे आणि गाडी थांबवणारे सगळे भाग जुनेच राहतात. म्हणून आधी कागद-पेन्सिल घ्यायची, पाना नंतर.

उदाहरण खरेच घेऊ. माझ्या पलटणीतला एक मित्र निवृत्त होऊन बंगळुरूतच राहतो. त्याच्या आजोबांची १९२९ची फोर्ड मॉडेल ए त्याच्याकडे आहे. फोर्डने १९२६मध्ये भारतात कंपनी काढून मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे गाड्यांची जुळणी सुरू केली, त्यामुळे या गाड्या आपल्याकडे बऱ्याच आल्या. मित्राच्या गाडीचे इंजिन ठोकू लागले होते. एका गॅरेजवाल्याने सुचवले, "साहेब, जुने काढून टाका. अ‍ॅम्बेसेडरचे पंधराशे सीसीचे इंजिन बसवतो. आठवड्यात गाडी रस्त्यावर, खर्च निम्मा." मित्राची इच्छा एवढीच होती, की म्हाताऱ्या वडिलांना त्याच गाडीतून एकदा नंदी हिल्सवर न्यावे. त्याने मला विचारले. आम्ही दोघे हिशेबाला बसलो.

पहिला हिशेब ताकदीचा. मॉडेल ए चे इंजिन ३.३ लिटरचे, ४० हॉर्सपॉवरचे. अ‍ॅम्बेसेडरचे १.५ लिटरचे, सुमारे ५० हॉर्सपॉवरचे. आकडा पाहून नवे इंजिन सरस वाटते. पण गाडी ओढते ती टॉर्कवर, म्हणजे फिरवण्याच्या जोरावर. फोर्डचे इंजिन मिनिटाला अवघ्या १००० फेऱ्यांना सुमारे १७३ न्यूटन-मीटर टॉर्क देते. अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन सुमारे १०० न्यूटन-मीटर देते आणि तेही ३००० फेऱ्यांच्या आसपास. आता मागच्या अ‍ॅक्सलकडे पाहा. मॉडेल ए मध्ये त्याचे गुणोत्तर ३.७८, आणि टायरचा व्यास सुमारे ७६ सेंटिमीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. चाकाचा परीघ २.३९ मीटर, म्हणजे चाक मिनिटाला साधारण ४१८ वेळा फिरते. त्याला ३.७८ने गुणा. टॉप गिअरमध्ये इंजिन १६०० फेऱ्यांच्या जवळ येते. जुन्या इंजिनासाठी ही आरामाची चाल. नवे इंजिन मात्र इथे कण्हत राहील, आणि चढावर तर सारखा गिअर उतरवावा लागेल.

मग गिअरबॉक्स बदला, अ‍ॅक्सल बदला. पण मॉडेल ए चा प्रॉपेलर शाफ्ट उघडा नसतो. तो एका जाड नळीत बंद असतो आणि चाकांचा पुढे ढकलणारा जोर ती नळीच गाडीपर्यंत पोहोचवते. तिला हात लावला की मागच्या अ‍ॅक्सलची सगळी बांधणी नव्याने करावी लागते. कारखान्यांनाही हे चुकलेले नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅम्बेसेडरमध्ये इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले, तेव्हा त्याच्यासोबत पाच गिअरचा नवा गिअरबॉक्सही आला.

इथे बंगळुरूची एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहोत. हवा विरळ असल्याने ४० हॉर्सपॉवरपैकी तीन-चार इथे मिळतच नाहीत. गाडी मंद वाटली की लोक इंजिनाला बोल लावतात. तेच नुकसान साध्या कार्बोरेटरच्या दुसऱ्या इंजिनालाही सोसावे लागते.

दुसरा हिशेब थांबण्याचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. मॉडेल ए चे ब्रेक लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे ड्रम ब्रेक आहेत. त्यांत तेलाचा दाब नाही. नव्या इंजिनाने वेग ६०वरून ८०वर गेला, तर गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० भागिले ६०, त्याचा वर्ग सुमारे १.७८. म्हणजे त्याच ब्रेकला पावणेदोन पटींहून अधिक ऊर्जा उष्णतेत बदलावी लागेल.

आता नंदीचा उतार घ्या. माथा १४७८ मीटरवर आहे. पायथ्यापर्यंत ५०० मीटर उतरायचे असे धरू. तेवढे उतरताना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती ताशी ६०च्या वेगातून गाडी पूर्ण थांबवण्याच्या ऊर्जेच्या सुमारे ३५ पट भरते. गाडीचे वजन कितीही धरा, गुणोत्तर तेच येते. हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण थोडी ऊर्जा खाते. बाकीचा भार एकट्या ब्रेकवर टाकला तर ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनाने गाडी धरून ठेवायची. या गाडीच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश नाही. अर्ध्या उतारावर गिअर उतरवणे सरावलेल्या हातालाही अवघड जाते.

डिझेल स्वस्त होते त्या काळात जुन्या पेट्रोल गाड्यांत डिझेल इंजिन टाकण्याची पद्धत आपल्याकडे फार होती. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटल बंद होतो, आत निर्वात तयार होतो आणि इंजिन गाडीला मागे ओढते. साध्या डिझेल इंजिनात असा थ्रॉटल नसतो, त्यामुळे त्याची ही पकड कमी. चढावर डिझेलने पैसे वाचवले, तरी उतारावर ती कसर ब्रेक भरून काढतात.

तिसरा हिशेब जोडण्यांचा. मॉडेल ए ची वीज ६ व्होल्टची, नव्या इंजिनाचा स्टार्टर १२ व्होल्टचा. मग दिवे, हॉर्न, वायरिंग सगळे बदला. पेट्रोलची टाकी काचेच्या पुढे, उंचावर आहे आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली येते. पंप नाही. इंजिन तीन ठिकाणी टेकलेले असते. दुसऱ्या इंजिनाला नवे टेकू लागतात आणि ते बसवताना चेसिस कापायचा मोह होतो.

चौथा हिशेब कायद्याचा. पालकांनी हा भाग जरूर वाचावा. आरसीवर इंजिन क्रमांक असतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२मुळे मनाप्रमाणे फेरबदल करता येत नाहीत. इंजिन बदलायचे तर आरटीओकडून मंजुरी घेऊन नवा क्रमांक नोंदवावा लागतो. शिवाय जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो, पण ती मूळ रूपात असली पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेली गाडी त्यात बसत नाही. एका आठवड्याच्या कामात हा हक्क कायमचा जाऊ शकतो.

हे सगळे मांडल्यावर आम्ही पुन्हा मूळ दुखण्याकडे आलो. इंजिन ठोकत का होते? या इंजिनाची बेअरिंगे कथिलाच्या मिश्रधातूची, जागेवरच ओतलेली असतात. त्याला बेबिट म्हणतात. ती झिजली होती. ओतकाम जाणणारे कारागीर आता थोडे. पण ब्लॉकला भेग नव्हती. अशा ब्लॉकमध्ये जागा कोरून आजची बेअरिंग शेल बसवता येतात आणि क्रँकशाफ्ट घासून नीट करता येतो. बाहेरून इंजिन तेच, क्रमांक तोच, फक्त आतली झीज गेली. मित्राने हीच वाट धरली. पीण्याच्या एका मशीन शॉपमध्ये काम झाले. मॉडेल ए गाड्या सुमारे ४८ लाख बनल्या होत्या, त्यामुळे त्यांचे सुटे भाग अमेरिकेत अजून तयार होतात. ते मागवले. आठवड्याऐवजी पाच महिने लागले आणि खर्चही जास्त आला. त्याच वेळी ब्रेकच्या दांड्या आणि लायनिंगही नवे केले. वडिलांना घेऊन तो नंदीला जाऊन आला. उतरताना पूर्ण वाट दुसऱ्या गिअरमध्ये होता, असे त्याने मुद्दाम सांगितले.

मग नवे इंजिन कधीच टाकू नये का? ब्लॉक फुटला असेल, दुरुस्तीच्या पलीकडे गेला असेल, तर टाकावे. तेव्हाही आधी त्याच घराण्यात शोधावे. १९३२च्या फोर्ड मॉडेल बी चे चार सिलिंडरचे, सुमारे ५० हॉर्सपॉवरचे इंजिन मॉडेल ए मध्ये थोड्या फेरफाराने बसते. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिव्हा १९६६पासून काम करते. तिच्या टुरिन चार्टरमध्ये एक शहाणपणाची गोष्ट आहे : बदल शक्यतो परत फिरवता येईल असा असावा आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत सांगायचे तर, चेसिस कापू नका, वेल्डिंग करू नका, टेकू नट-बोल्टने बसवा. जुन्या इंजिनात तेल भरून, तोंडे बंद करून, चिठ्ठी लावून ठेवा. प्रत्येक बदल लॉगबुकात लिहा, म्हणजे तीस वर्षांनी ती गाडी उघडणाऱ्याला कोडे पडणार नाही.

आता तुमच्यासाठी काम. सुट्टीत घरच्या मोटारसायकलच्या मागच्या टायरचा परीघ दोरीने मोजा. पुस्तिकेतून टॉप गिअरचे एकूण गुणोत्तर काढा. ताशी ६०ला इंजिन मिनिटाला किती फिरते ते लिहून आणा. मग पुस्तिकेतल्या सर्वाधिक टॉर्कच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही आकड्यांत फरक किती आणि का, हे पहिल्या तासाला मी विचारणार आहे.