शिकवणारी वाहिनी लग्न का लावू लागते?

सुरगाण्याच्या पाड्यांवर, कौलांच्या कडेला डिश दिसते. तिच्यातून दिसणाऱ्या, ज्ञानाच्या नावाने सुरू झालेल्या वाहिनीवर लिलाव, भुतं, नवरीचे कपडे का दिसतात?

‘टीएलसी’ या वाहिनीचंच पाहा. 1974 मध्ये ‘नासा’ने एटीएस-6 उपग्रह सोडला आणि अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियाच्या डोंगरी भागातल्या शिक्षकांना त्यावरून धडे दिले गेले. पुढच्याच वर्षी तोच उपग्रह भारताकडे वळला आणि ‘साइट’ या उपग्रह-दूरचित्रवाणीच्या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत शेती-आरोग्याचे कार्यक्रम दिसले. भारतातला प्रयोग वर्षाने संपला. अमेरिकेतल्या प्रकल्पातून मात्र ‘द लर्निंग चॅनेल’ म्हणजेच ‘टीएलसी’ ही वाहिनी जन्मली, 1980 मध्ये खासगी झाली, 1991 मध्ये ‘डिस्कव्हरी’ने घेतली. 2012 मध्ये तिच्यावर बालसौंदर्यस्पर्धेतल्या मुलीच्या घरचा रिअ‍ॅलिटी शो होता.

यात कुणाचं कारस्थान नसतं. जाहिरातदार प्रेक्षकांच्या मिनिटांचे पैसे देतो, शिकण्याचे नाही. थोडा मसाला घातलेला भाग जास्त पाहिला जातो, मग पुढचा तसाच बनतो. घसरण पायरीपायरीने होते, म्हणून आतल्यांना जाणवतही नाही.

याउलट, डीडी फ्री डिशवर ‘पीएम ई-विद्या’च्या शैक्षणिक वाहिन्या सरकारी पैशावर चालतात, त्यांना मसाल्याची ही ओढ नाही. त्या रुक्ष आहेत, पण एकदा लावून पाहाच.