परदेशातील वैद्यकीय शिक्षणासाठी देशाची निवड : नागपुरातील मुस्लिम विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

‘नीट’चा निकाल लागला की नागपुरातील कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षक-कक्षात पालकांची ये-जा सुरू होते. मोमीनपुरा, टेका, जाफरनगर, ताजबाग या वस्त्यांतून येणाऱ्या पालकांचा प्रश्न बहुधा एकाच वाक्यात मावणारा असतो : मुलीला किंवा मुलाला डॉक्टर करायचे आहे, खर्च झेपेल असा हवा आणि देश मुसलमानांना सोयीचा हवा. त्यांच्या हातात एखाद्या सल्लागाराचे रंगीत पत्रक असते. त्यावर मशिदीचे छायाचित्र, डॉलरमधील वार्षिक शुल्क आणि ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द ठळक छापलेला असतो. या तीन गोष्टींवर विसंबून अनेक कुटुंबे घर गहाण ठेवण्याचा निर्णय घेतात.

धर्माचरण सांभाळून परदेशी वैद्यक शिकण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेतील फिलाडेल्फियास निघाल्या, तेव्हा आपण हिंदू म्हणूनच जाणार व हिंदू म्हणूनच राहणार हे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. आहार, वस्त्र, हवामान आणि श्रद्धा हे विषय विद्यार्थ्याच्या दृष्टीने गौण नसतात, हे त्यांच्या चरित्रावरून कळते. म्हणूनच पालकांच्या प्रश्नातील ‘सोयीचा देश’ ही अपेक्षा हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मात्र तिचा अर्थ नेमका करून घेतला पाहिजे. मुस्लिमबहुल देश आणि मुस्लिमांना सोयीचा देश या दोन गोष्टी एक नाहीत, तसेच स्वस्त शुल्क आणि स्वस्त शिक्षण याही एक नाहीत. प्रस्तुत लेखात या दोन्ही भेदांच्या आधारे देशाची निवड कोणत्या क्रमाने करावी याचे विवेचन केले आहे.

देशांतर्गत पर्यायांचा विचार

परदेशाचा विचार करण्यापूर्वी घराजवळची दारे तपासणे आवश्यक आहे. मोमीनपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मेयो, म्हणजेच इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मिहान परिसरातील एम्स आणि खाजगी महाविद्यालयेही याच शहरात आहेत. अडथळा गुणांचा व शुल्काचा आहे. परंतु शुल्काबाबत अनेक पालकांना पुरेशी माहिती नसते. मोमीन-जुलाहा यांसह अनेक मुस्लिम व्यावसायिक समुदाय महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत समाविष्ट आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ करण्यात आले आहे. अभिमत विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. जातीचे व उत्पन्नाचे दाखले वेळेत न काढल्यामुळे ही सवलत हुकते आणि तेच कुटुंब पुढे परदेशी शुल्कासाठी कर्ज काढते.

नीट ही परीक्षा मराठीप्रमाणेच २०१८ पासून उर्दूतूनही देता येते. त्यामुळे उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला प्रवेशद्वार खुले झाले. तथापि पुढील शिक्षण इंग्रजीतच आहे, हे ध्यानात ठेवून अकरावीपासूनच तयारी करून घेणे हे शिक्षकांचे काम आहे.

पहिली चाळणी : कायदा

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी विनियम लागू केले. त्यानंतर परदेशात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला ते बंधनकारक आहेत. त्यांतील मुख्य अटी अशा : अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा, त्याशिवाय त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता पूर्ण करावी, अध्यापनाचे माध्यम इंग्रजी असावे, मिळणारी पदवी त्या देशात तेथील नागरिकांप्रमाणेच व्यवसायाचा परवाना देणारी असावी, भारतात परतल्यावर पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता करावी, आणि हे सर्व प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत संपवावे. २०१८ पासून परदेशी प्रवेशासाठीही नीट उत्तीर्ण असणे अनिवार्य आहे.

या अटींची बेरीज केली तर ५४, १२ आणि १२ मिळून किमान ७८ महिने, म्हणजे साडेसहा वर्षे होतात. भारतात हाच काळ साडेपाच वर्षांचा आहे. ज्या देशात मूळ अभ्यासक्रमच ६० महिन्यांचा आहे तेथे तो सात वर्षांवर जातो.

येथे दोन गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. पहिला असा की, आयोग परदेशी विद्यापीठांची ‘मान्यताप्राप्त यादी’ प्रसिद्ध करतो. आयोग कोणत्याही परदेशी संस्थेची शिफारस करत नाही. अटी पूर्ण होतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर आहे. दुसरा असा की, न जमल्यास मध्येच दुसऱ्या विद्यापीठात बदली घेता येते. विनियमांनुसार संपूर्ण अभ्यासक्रम एकाच संस्थेत व्हावा लागतो. २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेल्या हजारो विद्यार्थ्यांची कोंडी मुख्यतः या अटीमुळे झाली आणि त्यांच्यासाठी खास सवलती द्याव्या लागल्या. अशा सवलती नियम म्हणून गृहीत धरता येत नाहीत. २०२२ च्याच एप्रिल महिन्यात आयोगाने पाकिस्तानात वैद्यकीय शिक्षण न घेण्याची सूचना दिली असून तेथील पदवीवर भारतात पात्रता परीक्षेस बसण्यावर कठोर निर्बंध आहेत.

दुसरी चाळणी : अध्यापन आणि रुग्णाची भाषा

परदेशी पदवीधरांसाठीची पात्रता परीक्षा २००२ पासून घेतली जाते. तीनशे प्रश्नांपैकी दीडशे बरोबर आल्यास विद्यार्थी उत्तीर्ण होतो. तरीही २०१५ ते २०१८ या काळात बसलेल्या सुमारे ६१ हजार उमेदवारांपैकी जेमतेम पावणेनऊ हजार, म्हणजे साधारण चौदा टक्के उत्तीर्ण झाले. त्यानंतर प्रमाण काहीसे सुधारले असले तरी बहुसंख्य उमेदवार पहिल्या फटक्यात उत्तीर्ण होत नाहीत. त्याच चार वर्षांत बांगलादेशातून शिकलेल्यांचे प्रमाण सुमारे सत्तावीस टक्के होते. चीन व रशियातून आलेल्यांचे त्याच्या निम्मेही नव्हते.

या तफावतीमागे वैद्यकीय कारणे दिसतात. बांगलादेशातील अभ्यासक्रमाची रचना व पाठ्यपुस्तके आपल्याशी मिळतीजुळती आहेत. क्षय, विषमज्वर, डेंग्यू, कुपोषण यांचे रुग्ण विद्यार्थ्याला वॉर्डात प्रत्यक्ष दिसतात, आणि बंगाली ही भाषा हिंदी-मराठी जाणणाऱ्याला काही महिन्यांत कामापुरती बोलता येते. याउलट किरगिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान येथे वर्गातील व्याख्यान इंग्रजीत असले तरी खाटेवरचा रुग्ण रशियन, किरगीझ किंवा उझबेक बोलतो. इजिप्तमध्ये तो अरबी बोलतो. कुरआनचे पठण येणे म्हणजे कैरोतील रुग्णाची बोली समजणे नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. रुग्णाशी संवाद नसेल तर विद्यार्थी आजार पुस्तकात शिकतो, माणसात नाही. म्हणून विद्यापीठाला विचारायचा पहिला शैक्षणिक प्रश्न असा असावा : तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी रुग्णाचा इतिहास स्वतः घेतो काय, आणि त्यासाठीची भाषा त्याला केव्हा शिकवली जाते?

तिसरी चाळणी : एकूण खर्च

पत्रकावर छापलेले शिक्षण शुल्क हा खर्चाचा केवळ एक भाग असतो. वसतिगृह, भोजन, विमा, व्हिसाचे नूतनीकरण, विमानभाडे, परतल्यावरची पात्रता परीक्षेची शिकवणी, आणि परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंतचा बिनकमाईचा काळ हे सर्व खर्चात धरावे लागते. चलनाचा भावही विचारात घ्यावा लागतो. २०१९ मध्ये डॉलर सुमारे ७१ रुपये होता; २०२५ च्या अखेरीस तो ९० च्या घरात गेला. उदाहरणादाखल वार्षिक शुल्क ४,००० डॉलर धरल्यास २०१९ च्या दराने २,८४,००० रुपये होतात, तर ९० च्या दराने ३,६०,०००. शुल्कात एका डॉलरचीही वाढ न होता वर्षाला ७६,००० रुपयांचा भार वाढला. सहा वर्षांच्या अंदाजपत्रकात हा वाव ठेवलाच पाहिजे.

साहाय्याच्या बाबतीतही नेमकी माहिती आवश्यक आहे. केंद्र शासनाची अल्पसंख्याकांसाठीची ‘पढो परदेश’ ही व्याज-अनुदान योजना पदव्युत्तर व संशोधन स्तरासाठीच होती. एमबीबीएसला ती कधीच लागू नव्हती आणि २०२२-२३ पासून ती बंदही झाली. आजही काही सल्लागार तिचे नाव घेतात. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ आणि राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ यांच्या शैक्षणिक कर्ज योजनांची चौकशी मात्र अवश्य करावी. व्याजाविषयी धार्मिक संकोच असलेल्या कुटुंबांनी स्थानिक उलेमांचा सल्ला प्रवेशापूर्वीच घ्यावा. दुसऱ्या वर्षी पैसे संपल्यावर घेतलेल्या निर्णयात निवडीला जागा उरत नाही.

चौथी चाळणी : धर्माचरण आणि दैनंदिन जीवन

‘मुस्लिम देश आहे, म्हणजे काळजी नाही’ हे विधान तपशिलात टिकत नाही. मध्य आशियातील प्रजासत्ताके मुस्लिमबहुल आहेत. इमाम बुखारींचे बुखारा आणि इब्न सीनाचे जन्मस्थान आज उझबेकिस्तानात आहे. परंतु सोव्हिएत वारशामुळे तेथील शासनव्यवस्था धर्माच्या सार्वजनिक आविष्काराकडे सावधपणे पाहते. उझबेकिस्तानने २०२३ मध्ये, किरगिझस्तानने व कझाकस्तानने २०२५ मध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास कायद्याने मनाई केली. ताजिकिस्तानने २०२४ मध्ये ‘परक्या’ पोशाखाविरुद्ध कायदा केला व त्याचा रोख हिजाबवर आहे. याच्या उलट टोकाला इराणमध्ये स्त्रियांना डोके झाकणे कायद्याने सक्तीचे आहे. नकाब वापरणाऱ्या मुलीला मध्य आशिया सोयीचा नाही. केवळ स्कार्फ वापरणारीने विद्यापीठाचा व रुग्णालयाचा लेखी नियम मागवावा. शस्त्रक्रियागृहात डोके झाकण्यासाठी निर्जंतुक टोपी चालते काय आणि कोपरापर्यंत बाह्या दुमडण्याबाबत नियम काय, हेही विचारून घ्यावे.

साप्ताहिक सुटीचे उदाहरण बोलके आहे. बांगलादेश, इजिप्त व इराण येथे शुक्रवार सुटीचा असतो. मध्य आशियात तो कामाचा दिवस असून जुम्याच्या नमाजासाठी तासिका चुकवावी लागू शकते. रशियातील कझान किंवा मखचकला येथे मोठा मुस्लिम समाज व हलाल भोजन आहे. परंतु कझानमध्ये डिसेंबरात दिवस सुमारे सात तासांचा असल्याने जुहर, अस्र व मगरिब या तिन्ही नमाजा मध्यान्हानंतरच्या तीन-साडेतीन तासांत, म्हणजे ऐन वर्गाच्या वेळेत येतात. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो; २०३० मध्ये तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस येईल. म्हणजे आता प्रवेश घेणाऱ्याचे रोजे उत्तरेकडील देशांत लहान दिवसांचे असतील. ही सोय कोणत्याही पत्रकात सांगितलेली नसते.

आहाराबाबतही ‘हलाल’ या एका शब्दावर थांबू नये. कझाकस्तान व किरगिझस्तानात घोड्याचे मांस नित्याचे आहे. तेथील समाजही आपल्याकडील बहुसंख्य मुस्लिमांप्रमाणे हनफी परंपरेचाच. तरी नागपूरच्या घरात वाढलेल्या मुलाला ते रुचेलच असे नाही. स्वयंपाकाची सोय असलेले वसतिगृह हा येथे साधा पण महत्त्वाचा निकष ठरतो.

सुरक्षितता

समान धर्म हे सुरक्षिततेचे हमीपत्र नाही. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. त्यात लक्ष्य झालेले पाकिस्तानी, भारतीय व इजिप्शियन विद्यार्थी मोठ्या प्रमाणात मुस्लिमच होते. जुलै २०२४ च्या आंदोलनात बांगलादेशातून हजारो भारतीय विद्यार्थी परतले. जून २०२५ मध्ये इराणमधून ‘ऑपरेशन सिंधू’द्वारे विद्यार्थ्यांना आणावे लागले. म्हणून शैक्षणिक निकषांवर बांगलादेश उजवा ठरत असला तरी प्रवेशाच्या वर्षी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहूनच निर्णय घ्यावा आणि आणीबाणीत परत येण्याइतकी रक्कम वेगळी ठेवावी.

निष्कर्ष व शिफारशी

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, सर्वांना लागू पडेल असा एक देश सुचवता येत नाही. चाळण्यांचा क्रम मात्र सुचवता येतो. कायद्याच्या अटी प्रथम, रुग्णाशी संवाद व परीक्षेतील यश त्यानंतर, मग एकूण खर्च, आणि या तिन्हींतून उरलेल्या संस्थांमध्ये धर्माचरणाची सोय व सुरक्षितता यांचा निर्णय. पत्रके हा क्रम उलटा करतात. ती मशिदीपासून सुरुवात करतात आणि कायद्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

महाविद्यालयांनी या बाबतीत तीन गोष्टी कराव्यात. अकरावीच्या वर्षातच पालकांची सभा घेऊन दाखल्यांची व शुल्क सवलतींची माहिती द्यावी. नीटच्या निकालानंतर विज्ञान व भाषा विभागांनी मिळून समुपदेशन कक्ष चालवावा. त्यात उर्दू जाणणारा एक शिक्षक असावा. आणि परदेशातून शिकून आलेल्या माजी विद्यार्थ्यांना, उत्तीर्ण झालेल्यांबरोबर अनुत्तीर्ण राहिलेल्यांनाही, आदराने बोलवावे. पात्रता परीक्षेच्या तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात अडकलेल्या तरुणाने अर्धा तास सांगितलेला अनुभव पालकांना कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक समजतो. शिक्षक-कक्षात येणारा तो पालक आपल्याकडे देशाचे नाव मागत असतो. आपण त्याला प्रश्नांची यादी द्यावी आणि ती घेऊन तो पुन्हा सल्लागाराकडे जाईल, तेव्हा शक्य असल्यास त्याच्यासोबत जावे.