पावसाळी वाहतुकीसाठी पिकअप गाडीची सिद्धता

हुबळी-धारवाडच्या धान्यव्यापाराचा हंगाम आणि पावसाचा हंगाम यांची गाठ दरवर्षी एकदा तरी पडतेच. नवलगुंद, अण्णिगेरी, कुंदगोळ आणि पलीकडे नरगुंद, गदग या बाजूंच्या काळ्या जमिनीत जूनमध्ये पेरलेला मूग ऑगस्टच्या सुमारास काढणीस येतो. त्या वेळी पाऊस थांबलेला नसतो. दमट हवेत मूग फार दिवस घरी ठेवता येत नाही. त्यास कोंब फुटतात, बुरशी धरते व दर पडतो. म्हणून खेड्यांतून अमरगोळच्या मार्केट यार्डात आणि तेथून गिरण्यांकडे, कारवार-गोव्याकडील गिऱ्हाइकांकडे माल पोहोचवावा लागतो तो नेमका चिखलापाण्याच्या दिवसांत. एके काळी बैलगाडीने होणारे हे काम आज छोट्या मालगाड्या करतात. टाटा कंपनीची एस ही गाडी २००५ साली निघाली. महिंद्राची बोलेरो पिकअपही सर्वांच्या परिचयाची आहे. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या दुकानासमोर यांपैकी एखादी उभी असते. तिची पावसाळ्यापूर्वीची तयारी मात्र बहुधा वायपरचे रबर बदलण्यापलीकडे जात नाही. वास्तविक या गाडीची रचना समजून घेतली, तर काय तयारी करावयाची हे आपोआप ध्यानी येते.

या गाड्यांना इंजिनाची ताकद मिळते ती केवळ मागच्या दोन चाकांस. पुढची चाके दिशा देतात. ढकलण्याचे काम मागची करतात. चाक रस्त्यास किती घट्ट धरते हे त्यावरील भारावर अवलंबून असते. हौदा रिकामा असला म्हणजे इंजिन, चालक व केबिन यांचे वजन मुख्यतः पुढच्या चाकांवर येते आणि ज्या चाकांनी गाडी ढकलावयाची ती हलकी राहतात. शिवाय मागचे पाटे टनभर माल पेलण्यासाठी केलेले असल्याने रिकामेपणी ते दबत नाहीत, गाडी उसळते, आणि उसळलेल्या क्षणी चाकाची रस्त्यावरील पकड आणखी सुटते. यामुळे ओल्या रस्त्यावर भरलेल्या गाडीपेक्षा रिकामी गाडी अधिक लवकर घसरते. हे आपल्या समजुतीच्या उलट आहे. माल घेऊन जाताना चालक जपून हाकतो. माल उतरवून परत येताना मात्र “गाडी हलकी आहे” म्हणून वेग वाढवितो, आणि वळणावर ब्रेक दाबताच गाडीचा मागचा भाग बाजूस निघून जातो.

यावर उपाय साधा आहे. परतीच्या वाटेवर हौद्यात वाळूची चार-पाच पोती ठेवावीत. बोलेरोसारख्या गाडीस दोनशे-अडीचशे किलो व लहान गाडीस दीडशे किलो एवढा भार पुरेसा होतो, असा माझा अनुभव आहे. पोती प्लास्टिकची असावीत. गोणपाट पाणी पिते व कुजते. ती मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवून दोरीने आवळून बांधावीत. फाळक्याजवळ ठेवली तर तराजूच्या दांडीप्रमाणे पुढची बाजू उचलली जाते आणि स्टीअरिंग हलके पडते. सैल ठेवली तर ब्रेक मारताच केबिनवर येऊन आदळतात. माल भरतेवेळी ही पोती उतरविण्यास विसरू नये, कारण त्यांचे वजनही गाडीच्या भारक्षमतेत धरले जाते. बर्फाच्या प्रदेशांत, उदाहरणार्थ अमेरिकेत व कॅनडात, अशा दोन चाकांनी चालणाऱ्या पिकअपचे मालक हिवाळा लागताच हौद्यात वाळूची पोती टाकतात. गाडी अडकलीच तर तीच वाळू चाकाखाली पसरता येते, हा दुसरा लाभ. आपल्याकडे बर्फ नाही, पण ओली काळी माती बर्फाहून फारशी दयाळू नाही.

ब्रेकसंबंधी एक गोष्ट मालकास सहसा ठाऊक नसते. अनेक पिकअप गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ एक झडप असते. हौदा किती दबला आहे यावरून ती मागच्या ब्रेकांस कमी-अधिक जोर पुरविते. गाडी रिकामी असता मागचा ब्रेक सौम्य लागावा, म्हणजे चाके एकदम जाम होऊन घसरणार नाहीत, अशी ही योजना आहे. जादा भार घालण्यासाठी पाटे वाढविले, किंवा झडपेचा दांडा गंजून अडकला, अथवा एखाद्या कारागिराने तो तारेने बांधून ठेवला, की ही सर्व योजना फुकट जाते. मे महिन्यात गाडी गॅरेजमध्ये द्याल तेव्हा ही झडप मोकळी फिरते काय, हे स्वतः उभे राहून पाहावे. मागची ड्रम ब्रेके उघडून साफ करवावीत. पाण्यातून गाडी गेल्यावर ड्रम भिजतात व काही वेळ ब्रेक लागतच नाही. अशा वेळी मंद गतीत ब्रेक हलकेच दोन-चार वेळा दाबून ते सुकवून घ्यावेत.

टायरच्या बाबतीत काटकसर करणाऱ्यांची संख्या आपल्या व्यापारी वर्गात मोठी आहे. टायरवरील खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखालचे पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. खाचा झिजल्या म्हणजे वेगात पाण्यास निघून जाण्यास वाट मिळत नाही, चाक पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागते, आणि मग स्टीअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडी आपल्याच मार्गाने जाते. खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीस आला म्हणजे तो कायद्यानेही बाद होतो. पावसाळ्यासाठी मी तेवढी वाट पाहत नाही. ३ मिलिमीटर उरले की बदलून टाकतो. चांगले दोन टायर मागे घालावेत. हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवावी. भरलेल्या व रिकाम्या गाडीसाठी मागच्या चाकांचे आकडे निराळे दिलेले असल्यास तेही पाळावेत.

आता काळ्या जमिनीविषयी. चिखलात एक चाक गरगर फिरते व दुसरे स्वस्थ उभे राहते, हे दृश्य सर्वांनी पाहिले असेल. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावे म्हणून मधल्या डिफरन्शिअलची सोय असते. पण एक चाक निसरड्यात सापडले, की त्याच सोयीमुळे फिरण्याची सारी गती त्याच्याकडे जाते. चालक जितका ॲक्सिलरेटर दाबील तितके ते चाक खोल रुतते. अशा वेळी थांबावे. चाकापुढील चिखल फावड्याने काढून कडबा, गोणपाट किंवा वाळू घालावी, आणि हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघावे. हँडब्रेकने फिरत्या चाकास थोडा अडथळा होतो व दुसऱ्या चाकाकडे काही जोर जातो. सीटमागे फावडे, दोन लाकडी ठोकळे, जाड दोर व विजेरी ही सामग्री जूनपासून कायम असावी.

ओढ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. नवलगुंद भागातील बेण्णीहळ्ळ व तुप्परीहळ्ळ हे एरवी ओढेच; परंतु २०१९ च्या ऑगस्टमधील पुराने त्यांचे खरे रूप दाखविले. वाहते पाणी दोन फूट खोल असले तर बहुतेक लहान गाड्या वाहून जातात, आणि रिकामा हौदा तर नावेसारखाच. पुलावरून पाणी जात असता उभे राहावे, माल उशिरा पोहोचला तरी चालेल. पाण्यात इंजिन बंद पडल्यास पुन्हा किल्ली फिरवू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो व मोठा खर्च उद्भवतो.

यल्लापूरहून अंकोल्याकडे उतरणारा अरबैल घाट आणि गोव्याकडे जाणारा अनमोड घाट या वाटांवर जाणाऱ्या चालकास एकच नियम पक्का शिकवावा: ज्या गिअरमध्ये चढावे लागले असते त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि न्यूट्रल कधीही करू नये. डिझेल वाचविण्याच्या मोहाने ब्रेक तापतात व निकामी होतात. तथापि काही संकटांपुढे गाडीची तयारी उपयोगी पडत नाही. १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यात शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळली. एक लॉरी गंगावळी नदीत गेली व ती सप्टेंबरमध्ये सापडली. रस्ता खुला आहे की नाही याची चौकशी करून मगच गाडी सोडणे, एवढेच आपल्या हाती असते. वाटेत चालकास वारंवार फोन करून “कोठवर आलास?” असे विचारणेही आपण सोडले पाहिजे.

मालाविषयी थोडक्यात. हौद्याच्या तळातील पाणी निघण्याची भोके मोकळी करून त्यावर लाकडी पट्ट्या टाकाव्यात, म्हणजे खालची थप्पी पाण्यात बसत नाही. साठवणीच्या धान्यात बारा टक्क्यांच्या आसपास ओलावा ठीक. एक भिजलेले पोते शेजारच्या चार पोत्यांस बिघडविते. ताडपत्री पुढून मागे अशी चढवावी की वाऱ्याबरोबर पाणी आत शिरणार नाही, आणि तिचे टोक मागच्या दिव्यांवर व तांबड्या परावर्तक पट्ट्यांवर लोंबू देऊ नये. मागच्या वाहनास आपली गाडी दिसत नाही, याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

पाऊस गेल्यावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके पडते. धुक्यात दिव्यांचा मोठा झोत लावू नये. तो परावर्तित होऊन चालकाच्याच डोळ्यांवर येतो. याच दिवसांत, २२ जानेवारी २०२५ च्या पहाटे, सवणूरहून कुमट्याच्या बाजारास भाजीपाला व विक्रेते घेऊन निघालेली लॉरी यल्लापूर तालुक्यात गुळ्ळापूरजवळ दरीत कोसळली व दहा जण मृत्यू पावले. ती माणसे मालाबरोबरच बसली होती. आपल्याकडेही हमालांस पोत्यांवर बसवून पाठविण्याची रीत आहे. त्यांस सरकारी बसने पुढे पाठवावे व तिकिटाचे पैसे मालाच्या खर्चात लिहावेत.