आधी व्यसन की आधी मन?

दहावीतल्या मुलाच्या दप्तरात पंक्चर काढण्याच्या सोल्युशनची ट्यूब आणि एक चिंधी सापडते. घरात आकांत होतो. वडील हात उगारतात, आई शपथ घालते, मोबाइल काढून घेतला जातो. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच उग्र वास येऊ लागतो. मग कुणीतरी व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता देते. अनेक घरांत घडणाऱ्या या धावपळीत काही प्रश्न विचारायचेच राहून जातात. मुलाला रात्री झोप लागते का? मित्रांमध्ये खेळायला जाणे त्याने कधीपासून सोडले? जगणे नकोसे वाटते, असे तो कधी म्हणाला का?

हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, कारण कुमारवयात व्यसन बहुतेकदा एकटे येत नाही. उदासी, अतिचिंता, एकाग्रतेचा अभाव आणि अतिचंचलता, लहानपणी सोसलेल्या अत्याचाराच्या किंवा मारहाणीच्या जखमा, यांपैकी काही ना काही त्याच्या सोबत असते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. सोल्युशन, व्हाइटनर, थिनर असे हुंगण्याचे पदार्थ १० ते १७ वयोगटातील १.१७ टक्के मुले वापरत होती. प्रौढांत हेच प्रमाण ०.५८ टक्के होते. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये अधिक आढळलेला नशेचा हा एकमेव प्रकार. दारू किंवा गांजापेक्षा हे पदार्थ स्वस्त, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळणारे.

मूल नशेकडे का वळते? मित्रांचा आग्रह, कुतूहल ही कारणे असतातच. पण काही मुले आतल्या त्रासावर स्वतःच शोधलेले औषध म्हणून नशा करू लागतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खान्त्झियन यांनी १९८५ मध्ये हा विचार ठळकपणे मांडला. वर्गात उभे राहिले की छातीत धडधडणाऱ्या मुलाला गांजाच्या दोन झुरक्यांनी मोकळे वाटते, आणि मेंदू तो धडा चटकन शिकतो. उलटा प्रवासही होतो. कमी वयात वारंवार घेतलेल्या गांजामुळे भास आणि संशय यांसारख्या तीव्र मनोविकारांचा धोका वाढतो. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. त्यामुळे या वयात दोन्ही दुखणी एकमेकांना लवकर खतपाणी घालतात.

उपचारांत मात्र या दोघांची अनेकदा ताटातूट होते. ‘आधी नशा सोड, मग नैराश्याचे बघू,’ असे एकीकडे सांगितले जाते. ‘आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन या,’ असे दुसरीकडे. या हेलपाट्यांत मूल उपचारांतूनच सुटून जाते. शिवाय ज्या त्रासासाठी नशा सुरू झाली तो तसाच ठेवून ती सोडायला सांगणे म्हणजे कुबडी काढून घ्यायची आणि मोडलेल्या पायाकडे बघायचेच नाही.

अमेरिकेत पॉला रिग्ज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात बोलका आहे. नैराश्य, नशा आणि वर्तनविकार असे तिन्ही असलेल्या १३ ते १९ वर्षांच्या १२६ मुलामुलींना १६ आठवडे विचार-वर्तन उपचार देण्यात आले. निम्म्यांना सोबत फ्लुओक्सेटिन हे औषध, तर उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी दिली. एका मोजपट्टीवर औषध घेणाऱ्यांचे नैराश्य अधिक कमी झाले. नशेचे प्रमाण दोन्ही गटांत घटले. औषधामुळे त्यात वेगळा फरक पडला नाही. म्हणजे नशा पूर्ण सुटण्याची वाट न पाहता नैराश्यावर उपचार सुरू करता येतात, आणि त्याच वेळी केवळ गोळीवर विसंबून नशा सुटत नाही.

असे एकत्रित उपचार सुरू होतात ते मुलाशी एकट्याने बोलण्यापासून. कोणती गोष्ट आपल्यातच राहील आणि जिवाला धोका वाटला तर कोणती पालकांना सांगावीच लागेल, हे डॉक्टर आधीच स्पष्ट करतात. मग कालक्रम तपासला जातो : आधी उदासी आली की आधी नशा? नशा थांबल्यावर काही आठवड्यांत मन सावरले का? समुपदेशक उपदेश करत नाही. नशेतून काय मिळते आणि काय हातचे जाते, हे मुलाच्याच तोंडून येऊ देतो. आई-वडिलांनाही या बैठकांत बसावे लागते, कारण मूल परत त्याच घरात जाणार असते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात. तिथे आधी वैद्यकीय देखरेख हवी.

‘कुठेतरी ठेवून द्या’ हा मार्ग चटकन सुचतो. पण अनेक मुलांवर घरी ठेवूनच उपचार होऊ शकतात. मानसिक आरोग्य संस्थेत दाखल करावेच लागले, तर अल्पवयीनांना प्रौढांपासून वेगळे ठेवणे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंधनकारक आहे. तिथे पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती मुलासोबत पूर्णवेळ राहायला हवी. दाखल करण्यापूर्वी पालकांनी या दोन्ही गोष्टी जरूर विचाराव्यात.

घसरण होऊ शकते. दोन महिने नीट गेलेला मुलगा एके दिवशी पुन्हा हुंगतो, तेव्हा ‘सगळे वाया गेले’ असे घरच्यांना वाटते. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कुणी उपचार सोडत नाही, इथेही तेच. मरणाची भाषा, स्वतःला इजा करणे, भास होणे अशी लक्षणे दिसली, तर भेटीची वेळ मिळण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे सरकारी मदत क्रमांक मोफत आहेत.

दप्तरातली ट्यूब फेकून देणे सोपे असते. ती तिथे का आली, हे मुलाच्या शेजारी बसून, आवाज न चढवता विचारणे अवघड. उपचारांची खरी सुरुवात मात्र तिथूनच होते.