पहाटेचा गारवा आणि म्हातारं डिझेल इंजिन

वसईत थंडी पडते, हे वसईबाहेरच्या माणसाला पटवून देणं अवघड. नाशिकचा पाहुणा नुसता हसतो. पुण्याचा पाहुणा अंगातला स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकतो आणि 'हवा छान आहे हं तुमच्याकडे' म्हणतो. त्यांचंही चूक नाही. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेतली आजवरची सर्वांत कमी नोंद ७.४ अंश सेल्सिअसची, आणि तीही २२ जानेवारी १९६२ ची. आमच्याकडे पारा चौदा-पंधरापर्यंत उतरला की कानटोप्या निघतात.

पण नाताळापासून जानेवारी संपेपर्यंत, तुंगारेश्वरच्या डोंगराकडून पहाटेचा वारा सुटला की निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशीच्या वाड्यांमधून एक आवाज हमखास ऐकू येतो. सेल्फ मारल्याचा. आधी जोमदार घर्रर्र, मग थोडी विश्रांती, मग दमलेला घर्र... घर्र... आणि शेवटी नुसतं टक्. आवाज ऐकूनच शेजारीपाजारी ओळखतात, जुनी डिझेलची गाडी आहे.

ही गंमत वाटते ती दुसऱ्याच्या गाडीची. आपल्याकडे लग्नांचे दिवस नेमके हेच. दादरच्या बाजारात फुलं आणि भाजी पोचवायची ती उजाडायच्या आत. आणि म्हाताऱ्या माणसांचा दमा उसळतो तोही याच दिवसांत, रात्री दोन-अडीचला, जेव्हा वाडीपासून नाक्यापर्यंत एक रिक्षा दिसत नाही. त्या वेळी दारातली गाडी सुरू होणं किंवा न होणं ही बारीकसारीक बाब राहत नाही.

डिझेलचं इंजिन थंडीत अडतं याचं कारण त्याच्या जन्मातच आहे. पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग असतो. ठिणगी पडली की काम झालं. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची कल्पना अशी, की हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडला की ते स्वतःच पेटेल. ऑग्सबर्गमध्ये १८९७ साली त्यानं हे यशस्वी करून दाखवलं. सायकलला हवा भरताना पंपाची नळी गरम लागते ना, तेच हे, फक्त फार मोठ्या दाबाचं. पेट्रोल इंजिनात हवा आठ-दहा पटीनं दाबली जाते, जुन्या डिझेल गाड्यांत वीस-बावीस पटीनं. तापमान पाचशे अंशांच्या पलीकडे जातं.

आता पहाटेचं चित्र बघा. रात्रभर गार पडलेलं जड लोखंड. ते दाबलेल्या हवेची उष्णता स्वतःच गिळून टाकतं. रिंगा झिजलेल्या असतील तर थोडी हवा खाली निसटते. ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे इंजिन जड फिरतं, आणि हळू फिरलं की हवा निसटायला आणि गार व्हायला आणखी वेळ मिळतो. म्हणजे उणीव एक नसते, चार-पाच बारीक उणिवा असतात. उन्हाळ्यात त्या झाकल्या जातात. पंधरा अंशांचा गारवा त्या उघड्या करतो. निरोगी गाडीला वसईच्या थंडीचं काही वाटायला नको. जी अडते ती आजारी असते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचा खुलासा.

या गोष्टीसाठीच जुन्या गाड्यांत हीटर दिलेले असतात. इंग्रजीतून आलेलं नाव ग्लो प्लग, पण कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो 'हीटर' म्हणेल. प्रत्येक सिलिंडरच्या लहान कप्प्यात एक बोटभर सळी असते, बॅटरीच्या विजेवर ती लालभडक होते. आपल्याकडे १९८० च्या सुमाराला आलेली १४८९ सीसीची डिझेल अँबॅसडर, प्यूजोच्या इंजिनाची महिंद्रा जीप, सुमंत मुळगावकरांच्या नावावरून नाव पडलेली १९९४ ची टाटा सुमो, १९९८ च्या डिसेंबरात आलेली इंडिका, या सगळ्या त्याच बिरादरीतल्या. अलीकडच्या कॉमन रेल गाड्यांचं गणित वेगळं, त्यांच्याविषयी मी बोलत नाही.

हीटरचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा. जुन्या तारेच्या प्लगांची जोडणी दिवाळीच्या तोरणासारखी एकामागे एक असे. एक गेला की सगळे गेले, त्यामुळे निदान कळायचं तरी. नंतरच्या गाड्यांत प्रत्येकाला स्वतंत्र वीज. चारांतला एक गेला तरी गाडी तिघांवर सुरू होते, मिनिटभर थरथरते, पांढरा धूर मारते आणि मग शहाण्यासारखी चालू लागते. आपण म्हणतो, थंडी आहे, चालायचंच. पुढच्या वर्षी दुसरा जातो. तिसरा जातो तेव्हा डोळे उघडतात, आणि ते बहुधा रात्री अडीच वाजता.

आमच्या घरी २००३ सालची डिझेल इंडिका आहे. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत शेजारच्या आजींना श्वास लागला म्हणून त्यांचा मुलगा दार ठोठावत आला. मी किल्ली फिरवली, हीटरचा पिवळा दिवा लागला, विझला, आणि सेल्फ दोन फेरे मारून बसला. सुदैवानं पलीकडच्या वाडीतला टेम्पो मिळाला, आजी वेळेत पोचल्या, आज ठणठणीत आहेत. पण माझं काळीज त्या रात्री हललं ते हललंच.

सकाळी गाडी ओढून महामार्गावरच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या तज्ज्ञानं बोनेट उघडून, एकही मोजमाप न करता निकाल दिला : कम्प्रेशन गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, चाळीस-पंचेचाळीस हजार धरा. मी गाडी तशीच परत आणली आणि पापडीच्या बाजूचे एक वयस्क मिस्त्री आहेत त्यांना बोलावलं. त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. पिशवीतून जाड केबल काढली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला. "मारा सेल्फ, काका." गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली.

दोष होता अर्थिंगच्या पट्टीत. बॅटरीचा निगेटिव्ह गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो, आणि सांगाड्यापासून इंजिनाला एक विणलेली तांब्याची पट्टी जाते. आमची पट्टी वरून दिसायला साबूत, आतून हिरवी भुकटी. सेल्फ दीड-दोनशे अँपिअर मागतो, एवढी वीज त्या भुकटीतून कुठली जाणार? मिस्त्री म्हणाले, "तुमच्या वसईत थंडी नाही हो गाडी मारत, खार मारतो." नवी पट्टी, टर्मिनल घासून त्यावर ग्रीस, दोन हीटर बदलले. खर्च इंजिन उतरवण्याच्या विसाव्या भागापेक्षाही कमी.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. थंड प्रदेशातल्या गाड्यांचे सल्ले वाचून आपण ऑइल आणि हीटर यांच्यामागे लागतो. समुद्रकाठच्या गाडीचं पहिलं दुखणं असतं खाऱ्या दमट हवेनं कुजलेले जोड. तपासणी सोपी आहे. साधा मीटर घ्या. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग वाईट. मग दोन्ही काड्या बॅटरीच्या दोन टोकांना लावून पुन्हा सेल्फ. दहा व्होल्टच्या बरंच खाली गेलं तर बॅटरीचं वय झालं. एवढं झाल्यावरच इंजिन उतरवण्याची भाषा करावी.

धूरही पुष्कळ सांगतो. सेल्फ फिरतोय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही, हीटर बघा. धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. फिल्टर तुंबलाय किंवा पाइपानं कुठे एअर घेतलीय. सुरू झाल्यावर निळसर धूर राहिला तर मात्र ऑइल जळतंय, आणि रिंगांचा विषय टाळता येणार नाही.

सुरू करण्याची रीतही बापजाद्यांसारखी शांत हवी. दिवे, पंखा, गाणी बंद. किल्ली हीटरवर ठेवून दिवा विझेपर्यंत थांबायचं. अगदी गार पहाट असेल तर किल्ली मागे घेऊन पुन्हा एकदा तापवायचं. क्लच दाबून सेल्फ दहा सेकंद, त्याहून जास्त नाही, मग अर्धा मिनिट दम. सुरू झाल्याबरोबर रेस करणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे. ऑइल वरपर्यंत चढलेलंही नसतं आणि आपण बिचाऱ्या बेअरिंगांना पळायला लावतो. उभ्या गाडीत डिझेल इंजिन फारच सावकाश तापतं, म्हणून मिनिटभरानं हळू चालवत निघावं. सोसायटीत वीस मिनिटं गाडी चालू ठेवून तळमजल्याच्या खिडकीत धूर सोडणाऱ्यांविषयी मी अधिक लिहीत नाही.

लिहायला हवं ते घातक उपायांविषयी. रॉकेलचा बोळा पेटवून हवेच्या नळीजवळ धरणं, टाकीखाली किंवा ऑइलच्या चेंबरखाली शेगडी ठेवणं, हे प्रकार ट्रकवाल्यांकडून घरगुती गाड्यांपर्यंत आले. तेलकट इंजिनाखाली आग लावून वाचलेली गाडी ही हुशारीची खूण नव्हे, नशिबाची. ईथरचा फवारा बाटलीत मिळतो. हीटर असलेल्या गाडीत तो मारला तर लाल सळीवर नळीतच भडका उडतो. शटर बंद करून आत गाडी चालू ठेवणं सर्वांत वाईट, कारण त्या धुरातल्या विषाला ना आवाज ना वास. धक्का मारायचाच तर सपाट मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये; इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो हे चालवणाऱ्याला आधी सांगून. टायमिंग बेल्टवर चालणाऱ्या इंजिनाला तर धक्का नकोच. बेल्ट दात चुकला की खरोखरच इंजिन उतरवावं लागतं.

खरी थंडी बघायची तर आपल्याच जिल्ह्यात जव्हारला जावं. रात्री उघड्यावर ठेवलेली गाडी सकाळी दवानं निथळत असते. त्याहून पुढे निफाडला द्राक्षबागांतले लोक पारा दोन-तीन अंशांवर आला की शेकोट्या पेटवतात. तिथे नवा प्रश्न उभा राहतो, तो डिझेलचाच. डिझेलमध्ये मेण विरघळलेलं असतं. गारठ्यात ते गोठून फिल्टरला चिकटतं. म्हणून भारतीय मानकात हिवाळ्याच्या डिझेलची अट वेगळी आहे : ते तीन अंशांपर्यंत वाहतं राहिलं पाहिजे, उन्हाळ्याच्या डिझेलला पंधरा अंश चालतात. लडाखमध्ये तर तेवढ्यानं भागत नाही. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. वसईच्या माणसानं या मेणाची काळजी करू नये. आपल्या फिल्टरमध्ये मेण नसतं, पाणी असतं. पावसाळ्यात टाकीत शिरलेलं ते पाणी फिल्टरच्या तळाच्या स्क्रूतून दिवाळीनंतर एकदा सोडून द्यावं.

घरातली तरुण मंडळी विचारतात, एवढा खटाटोप कशाला, विका ना आता. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुन्या डिझेलचा धूर नव्यापेक्षा कितीतरी घाण, आणि दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ साली बंदी घातली ती उगाच नव्हे. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. आमच्या गाडीची २०२३ साली दुसऱ्यांदा झाली, आता २०२८ ला पुन्हा. पांढरा धूर मारत थरथरणारी गाडी वापरणं मलाही पटत नाही. पण ती धूर न मारता पहिल्या झटक्याला सुरू होत असेल, तर महिन्यातून दहा-बारा फेऱ्यांसाठी नवी गाडी घेण्याचा हिशेब मला जमत नाही.

शेजारच्या आजींचा मुलगा आता डिसेंबर लागला की एका रविवारी मीटर घेऊन येतो. आधी आमची गाडी तपासतो, मग स्वतःची. त्याची सेकंडहँड सुमो आहे. गेल्या खेपेला तिचा तिसऱ्या सिलिंडरचा हीटर गेलेला निघाला.